पहिलं गठळं

पद्माक्का बैलाशी बोलायची. देवाशपथ, खोटं नाही सांगत. मी लग्न होऊन बेळगावहून त्या गावात आले, आणि पहिल्याच आठवड्यात बघितलं, शेजारच्या गोठ्याच्या दारात पांढऱ्या लुगड्यातली एक उंच बाई उभी राहून बैलाला सांगतेय, "हौशा, तुज्या मालकाला म्हणावं, पेवातला जुंधळा अजून भाईर काढलेला न्हाय. मिरूग तोंडावर आलाय." आणि आतून पुरुषाचा घोगरा आवाज, "हौशा, धाकल्या घरात सांग, ज्येचं पेव त्येला काळजी." बैल बिचारा मधे उभा राहून रवंथ करतोय. मला वाटलं, कुठल्या येड्यांच्या गल्लीत लोटलं मला माझ्या बापानं!

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी भीतभीत विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं, येडी न्हाय ती. आत बसलेला पायगोंडा आप्पा तिचा थोरला दीर लागतो न्हवं? त्येच्याशी तोंडाला तोंड लावून कशी बोलंल? म्हणून हौशाला सांगती."

आक्काचा नवरा ऐन तरुणपणी तापानं गेला होता. जैनाचं घर, मधे एक भिंत घालून दोन वाटण्या झालेल्या. भिंतीच्या अलीकडं आक्का एकटी, पलीकडं आप्पा आणि त्यांचं खटलं. आप्पा म्हणजे गावातलं मोठं माणूस. डोक्याला सदा तांबडा पटका, आणि त्या पटक्याचा मान इतका की वाऱ्यानं हलला तरी आप्पा वाऱ्याला शिव्या देत. आक्काच्या डोक्यावर नुसता पांढरा पदर. पण गल्ली चालायची कुणाच्या शब्दावर, ते आप्पांनाही ठाऊक होतं. म्हणून तर त्यांचा एवढा जळफळाट व्हायचा.

गाव निपाणीच्या जवळ, वेदगंगेच्या काठी. आमची गल्ली सगळ्यांत खाली, नदीच्या वेशीला लागून. आमचे हे निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला, बाजाराच्या दिवशी तेवढे घरी यायचे. तेव्हा मी, आत्याबाई आणि एक म्हैस, एवढंच आमचं राज्य. आषाढ-श्रावणात नदी चढली की घाटावरच्या नंदीच्या पायरीला पाणी लागायचं. मग गावातल्या सवाष्णी हलगी लावून जायच्या आणि गंगेची खणानारळानं ओटी भरायच्या. ओटी भरली की गंगा समाधानानं मागं फिरते, असं जुनी माणसं सांगायची, आणि खरंच बहुतेक वर्षी फिरायचीही. त्यामुळं नंदीच्या पायरीपुढं पाणी येतच नाही, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. नदीला कुणी विचारलं नव्हतं.

आक्कानं मात्र ते कधी मानलं नाही. पण ती घाबरवायचीही नाही कुणाला. "बुडशीला, मरशीला" असलं अभद्र तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. सकाळी मिश्री लावत उंबऱ्यावर बसायची (मिश्रीशिवाय तिचं डोकं चालायचं नाही), आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "काय रं, गंगाबाई येणार हायत ह्या साली. तयारी झाली का न्हाय?" जशी काय माहेरवाशीण यायची आहे. मी एकदा म्हटलं, "आक्का, तुम्हाला भीती नाही वाटत पुराची?" तर माझ्याकडं बघून म्हणाली, "आईला कुणी भितं व्हय गं? पर आई येणार म्हटल्यावर घर आवरून ठेवाय नगं? तिला बसाय जागा पायजे. ती जागा आपून आदीच मोकळी करायची. येवढंच."

आवरायचं म्हणजे काय, तर मृगाच्या आत जमिनीतल्या पेवातला जोंधळा बाहेर काढून उंच चढवायचा. बियाणं वेगळं बांधायचं. गावामागं जो माळ आहे, त्याच्यावर तिनं बांबू-गवताचं एक लांबलचक छप्पर घातलं होतं, ते दरसाल गल्लीनं मिळून शाकारायचं. छपरात जळणाला शेणी रचायच्या, वैरण टाकायची, आणि मेणानं तोंड बंद केलेल्या मडक्यात मीठ आणि काड्याची पेटी. लढाईच्या दिवसांत काड्याची पेटी मिळायची मारामार. आत्याबाईंनी एकदा त्या मडक्यातली पेटी उसनी मागितली, तर आक्का रागानं कानडीत शिरली. राग आला की तिला मराठी पुरायची नाही. "साकु! साकु!" म्हणजे पुरे, पुरे. आत्याबाई गप घरी आल्या आणि शेजारच्या चुलीतनं विस्तव आणला.

पण तिचं खरं वेड होतं गाठीचं. पावसाळा लागला की गल्लीतलं एकही जनावर निरगाठीनं बांधायचं नाही. सुरगाठ मारायची, एक टोक ओढलं की सटकन सुटेल अशी. संध्याकाळी, जेवण उरकून, दिवस मावळायच्या आत आक्का गल्लीतनं फेरी मारायची आणि प्रत्येक गोठ्यातलं दावं ओढून बघायची. सुटलं तर पुन्हा बांधून पुढं. नाही सुटलं, तर निवांत बसून ती निरगाठ सोडायची आणि जनावर घेऊन सरळ आपल्या दारात बांधायची! मालकानं मग यायचं, सगळ्यांच्या देखत बोलणी खायची, आणि आपलं ढोर घेऊन जायचं. आमची म्हैस किती वेळा गेली विचारू नका. मी बेळगावची, मला गाठीतलं काय कळतंय! आक्का तिथनं ओरडायची, "शेवंते, तुजी म्हस माज्या दारात माहेरपणाला आलीया गं! साडीचोळी घिऊन ये!" सगळी गल्ली खो खो हसायची. मला तोंड लपवायला जागा उरायची नाही.

शेवटी तिनंच मला धरून शिकवलं. तिच्या दारातल्या खुंट्याला दोर गुंडाळून, सोडून, पुन्हा गुंडाळून. मी वैतागून म्हटलं, "आक्का, येवढं काय त्या गाठीत?"

तेव्हा एकदाच बोलली ती. पुन्हा कधी नाही. "माज्या माह्यारात आमचं दादा बैल सोडाय गेलतं," ती म्हणाली. दादा म्हणजे तिचे वडील. "कृष्णेचं पाणी गोठ्यात आलतं. निरगाठ, त्यात दोर भिजून फुगलेला. सुटंना. इळा घरात, घर पाण्यात. बैल दादाकडं बघाय लागलं आन् दादा बैलाकडं. शेवटी मानसांनी वढून काडलं दादास्नी. बैल ऱ्हायलं." तिनं दोर खुंट्याला घातला आणि सुरगाठ मारली. "दादा जगलं गं पुढं. पर घरात पुन्यांदा हसलं न्हाईत. तवापासनं मी ठरवलं. भ्यालेल्या मानसाचं हात कापत्यात. कापत्या हातानं बी सुटंल, अशी गाठ पायजे." आणि लगेच, "हं, वढ बघू आता. दात काय काडतीस?" मी दात काढत नव्हते, माझे डोळे भरले होते. तेही तिला बघवलं नाही म्हणून तसं म्हणाली.

मृगाचं जेवण हे तिचंच काढलेलं. मृग निघाला की एक दिवस सगळी गल्ली माळावर जायची. घरटी प्रत्येकानं बियाणं, धान्य आणि जनावरं घेऊन चढायचं, वर चुली मांडायच्या, जेवायचं आणि परत यायचं. जैनांच्या चुली एका बाजूला, कांदालसणाविना. आमच्या मराठ्यांच्या दुसऱ्या बाजूला, आणि आमच्या चटणीचा वास तिकडं गेला की आप्पा नाकाला पटक्याचा शेव लावायचे. आक्का खपली गव्हाची हुग्गी करायची, गूळ घालून, वर तूप. तशी हुग्गी मी पुढं आयुष्यात कुठंही खाल्ली नाही.

माळाच्या पायथ्याला उभी राहून ती प्रत्येक घराला एकच विचारायची, "पयलं गठळं काय?" म्हणजे हातात एकच वस्तू धरायला मिळाली तर तुम्ही काय उचलाल? ते आधीच ठरलेलं पाहिजे, ऐन वेळी घरात गरागरा फिरायचं नाही. कुणी म्हणायचं बियाणं. कुणी देवाचा टाक. आत्याबाई म्हणायच्या, "आमची म्हस!" त्यावर आक्का म्हणायची, "ती तर माज्याच दारात आसती." आणि आप्पा? आप्पा यायचे ते पटक्याची पेटी बगलेत मारून. "हौशा, सांग त्यास्नी. आमचं पयलं गठळं ह्येच." आक्का हौशाला म्हणायची, "व्हय बाबा, डोस्कं न्हाय ऱ्हायलं तरी पटका ऱ्हायला पायजे." बैलासकट सगळे हसायचे.

पण माणसाची जात! जेवणाला चव लागली की कारण विसरतो आपण. एका वर्षी सगळी गल्ली नटूनथटून वर आली. पोरींनी झाडाला झोके बांधले, पुरुषांनी पत्ते आणले, आणि बियाणं, जनावरं सगळी खालीच. आक्का चुलीशी बसून राहिली, पण चूल पेटवेना. तासभर झाला. शेवटी आप्पांनी न राहवून हौशाला विचारायचं म्हटलं तर हौशाच नव्हता तिथं, तोही खालीच! मग ते आकाशाकडं बघून म्हणाले, "आज हुग्गी हाय का न्हाय?"

आक्कानंही आकाशालाच सांगितलं, "जनावरं आल्याबिगर हुग्गी न्हाय."

काय करता! सगळे उन्हातान्हात खाली गेले, जनावरं घेऊन, पोती घेऊन पुन्हा वर आले. आप्पा सगळ्यांत मागं, हौशाची वेसण धरून, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. त्या दिवशी गल्लीत आक्काला लोकांनी काय काय नावं ठेवली! "रांडमुंड बाई, नाचवतीया सगळ्यास्नी," इथपर्यंत. तिच्या कानावर गेलं असणारच. संध्याकाळी ती नेहमीसारखीच दावी ओढत फिरली.

आणि मग ते साल आलं.

पाऊस लागून राहिला होता. दिवस कुठला, ढग कुठला, कळत नव्हतं. सकाळीच नंदीच्या पायरीला पाणी लागलं. आप्पांनी हलगीवाल्याला बोलावलं. आक्का विधवा, ओटीला ती पुढं व्हायची नाही, पण खण, नारळ, हळदकुंकू सगळं ताट तिनंच लावून आत्याबाईंच्या हातात दिलं. रीतसर ओटी भरली. आप्पा आणि गल्लीतले पुरुष आप्पांच्याच ओट्यावर येऊन बसले, गंगा कधी फिरते बघत. "आता उतरतंय बगा," आप्पा म्हणाले.

आक्का मला म्हणाली, "पाव्हणीची ओटी भरली म्हणून ती दारातनं परत जाती व्हय गं? घटकाभर बसतीच की. आजची बसणार ही. पानी मातकट झालंय, काटक्या वरनं यायला लागल्यात." पण आप्पा हलल्याशिवाय पुरुष हलणार नव्हते, आणि पुरुष हलल्याशिवाय पोती-जनावरं हलणार नव्हती. अडलं होतं ते सगळं तिथंच. आप्पांना समजवायला जाणं तिला रीतीनं शक्य नव्हतं, आणि भीती घालणं तिच्या रक्तात नव्हतं.

मग तिनं काय केलं? तिनं चूल उचलली!

म्हणजे गल्लीतल्या बायकांना हाक घातली, आणि प्रत्येकीनं आपापल्या चुलीतले निखारे खापरात घेतले, वर इरलं धरलं, पीठ-परात डोक्यावर, कडेला पोरं, आणि निघाल्या माळाला. आप्पांची बायकोसुद्धा. त्या काय पुराला भिऊन निघाल्या नव्हत्या. आक्कानं सांगितलं म्हणून निघाल्या. जाता जाता तिनं मला मागं ठेवलं. "तुजी म्हस सोड आन् आप्पाच्या हौशाला येवढं सांगून ये. दिस दिसत न्हाय, म्हंजे तो कवा बुडंल कळायचं न्हाय. म्हणून आज जेवाण लवकर. आन् जेवाण माळावर. खाली कुटं चूल न्हाय."

जैन माणूस सूर्यास्तानंतर पाण्याचा घोट घेत नाही, आणि परक्याच्या चुलीवरचं तर खातच नाही. मी म्हशीचं दावं धरून आप्पांच्या गोठ्याच्या दारात गेले आणि हौशाला मोठ्यानं सगळं सांगितलं.

"मला उपाशी ठिवती?" आप्पा गरजले. "उपास करीन मी! उपासाला कोण भितंय?"

आता आली का पंचाईत! जैनाला उपास म्हणजे उलट पुण्यच. मला वाटलं, झालं, आक्काचा डाव गेला. तेवढ्यात ओट्यावरचा एकजण उठला, धोतर झटकून म्हणाला, "आप्पा, तुमी करा उपास. तुमची पुण्याई मोटी. आमी आपलं जातो." आणि गेला. मग दुसरा. मग बाकीचे सगळेच, डोक्यावर पोती घेऊन, जनावरं सोडून, एकामागोमाग एक. ओटा रिकामा झाला. आप्पा एकटे, पटका सावरत बसलेले.

एवढ्यात परसाकडनं पाणी आलं. समोरून नव्हे, मागून, ओढ्याच्या बाजूनं, जिथं कुणी बघतच नव्हतं. गोठ्यात माझे घोटे बुडाले, मग पोटऱ्या. हौशा आणि त्याचा जोडीदार दाव्याला हिसके देऊ लागले. आप्पा ओट्यावरून उडी टाकून आत आले. त्यांचे हात थरथरत होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दोर भिजून जाड झाला होता. मला आक्काच्या दादांची आठवण झाली. आप्पा काही सुरगाठ मारणारे नव्हेत. "बायकांची गाठ" म्हणून चारचौघांत हिणवायचे ते.

आप्पांनी एक टोक ओढलं. सटकन सुटलं. जोडीदाराचं ओढलं. तेही सुटलं.

मी बघतच राहिले. आप्पा माझ्यावर खेकसले, "काय बगतीस? दोर जुना हाय! चल, हो म्होरं. वैरण बी वर नेलीया म्हणं त्या बाईनं. मी उपाशी ऱ्हाईन, हौशा कशापायी ऱ्हाईल?"

माळावर पोचलो तेव्हा आक्का भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं, हौशाला बघितलं, आणि म्हणाली, "आलास व्हय रं? बस. गरम हाय." आप्पा मुकाट्यानं जेवले.

उजाडल्यावर आम्ही खाली बघितलं. गल्ली नव्हतीच. नंदीची नुसती शिंगं दिसत होती. आमच्या भिंती मातीच्या, कितीतरी बसल्या. वरच्या अंगाच्या एका गावात जनावरं खुंट्यालाच गेली, असं नंतर ऐकलं. आमच्या गल्लीतलं एक माणूस कमी नव्हतं, एक शेपूट कमी नव्हतं, मूठभर बियाणं कमी नव्हतं. घरं पुन्हा बांधली हो! घराचं काय! मला अजून सांगताना छाती भरून येते, की मी त्या गल्लीची सून होते, आणि मला ती गाठ त्या बाईनं शिकवली होती.

आप्पांच्या गाठीची गोष्ट मी आक्काला हळूच सांगितली. मला वाटलं, केवढी हसेल. ती मिश्री लावता लावता म्हणाली, "मला ठावं हाय. रोज वढून बगतीया न्हवं मी? लई वर्सं सुरगाठच मारत्यात."

"मग कधी बोलला नाहीत ते!"

"कशाला बोलू? बैल सुटल्याशी मतलब. त्येंची मान खाली करून मला काय करायचंय? तू बी कुठं बोलू नगंस." आणि मी नाही बोलले. आज बोलतेय, कारण आता दोघंही नाहीत.

पुढं आमच्या ह्यांना बेळगावात काम मिळालं. स्वराज्य येणार, येणार, असं सगळीकडं चाललं होतं, त्या सालचा मृग. आमचं गावातलं शेवटचं मृगाचं जेवण. आक्काचे गुडघे गेले होते, अंथरुणाबाहेर पाऊल पडत नव्हतं. आदल्या दिवशी तिनं मला बोलावून सांगितलं, "पायथ्याला उद्या तू हुबी ऱ्हा. पयलं गठळं तू इच्यार."

"आणि तुम्ही?"

"मी न्हाय येत. मी आता वझं झाले गं. पूर आला तर वझं मागं टाकायचं आस्तंय, हे मीच शिकवलंय की सगळ्यास्नी." हे ती हसत हसत म्हणाली. मला मात्र ऐकवेना. मी घरी येऊन आत्याबाईंच्या कुशीत रडले.

दुसऱ्या दिवशी पायथ्याला मी उभी राहिले. एकेक घर येत होतं, बियाणं म्हणत होतं, देव म्हणत होतं, वर जात होतं. पण कुणाच्या तोंडावर रया नव्हती. हुग्गी कोण करणार, हेही कुणी विचारलं नाही. सगळ्यांत शेवटी गाडीची चाकं वाजली. हौशा म्हातारा झाला होता, गाडीला जुंपायचं त्याचं वय राहिलं नव्हतं, तरी जुंपलेला. आप्पा त्याच्याबरोबर पायी चालत होते. गाडीत वैरणीवर घोंगडं टाकलेलं, आणि घोंगड्यावर, साट्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरून, रागानं लाल झालेली पद्माक्का.

"पहिलं गठळं काय?" मी विचारलं.

आप्पांनी हौशाच्या मानेवर हात ठेवला. "हौशा, शेवंताला सांग. ह्येच आमचं पयलं गठळं."

आक्कानं पदर सारखा केला आणि सगळ्या गल्लीच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा, बैलाला मधे न घालता थोरल्या दिराला विचारलं, "भावजी, तुमचा पटका कुटं हाय?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आप्पांचं डोकं उघडं होतं.

"ऱ्हायला खाली," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी हौशाला हाक घातली.